वाजता नग

आमच्या घरात सध्या पाहुण्याला बसायला जागा नाही. दिवाणावर फुग्याफुग्यांच्या प्लास्टिक कागदाचं भेंडोळं, खुर्च्यांवर पुठ्ठ्याचे न उघडलेले बॉक्स आणि जेवणाच्या टेबलाखाली पेंढा. कुणी आलं की मी एक वस्तू उचलून दुसरीवर ठेवते आणि जागा करून देते, तोवर पाहुण्याच्या पँटीला थर्माकोलचे मणी चिकटलेले असतात. लोणावळ्यात लोक हवा खायला येतात. माझ्याकडे आलेले मात्र कपडे झटकत परत जातात.

हे सगळं करवंदांनी केलं. खंडाळ्याच्या एका हॉटेलात मी तीस वर्षं स्टोअर सांभाळलं. साबण, चादरी, डाळी, बल्ब, जे म्हणाल ते माझ्या कुलपात असायचं. रिटायर झाल्यावर पहिले पंधरा दिवस मी घरातले डबे मोजले आणि मग मोजायला काही उरलं नाही. त्याच सुमाराला कुरवंड्याची मावशी आली. ती हॉटेलात रानभाजी आणि करवंदं द्यायची, तेव्हापासूनची ओळख. दारातच टोपली उतरवून म्हणाली, "ताई, डोंगरावर करवंदं लय पडून चाललीत. तुमी नुसत्या बसलाय. मुरंबा करू." नुसत्या बसलाय हे मला लागलं. त्याच दिवशी साखर आणली.

मुरंबा झकास झाला. त्यात काही विशेष नाही, मावशीच्या हाताला चव आहे. अडचण पुढे आली. मुरंबा काचेच्या बरणीतच भरायचा हा माझा हट्ट होता, कारण प्लास्टिकच्या डब्यात त्याला डब्याचा वास लागतो. आणि विकायचा तर कुरियरने पाठवायचा, कारण लोणावळ्याला आलेला माणूस चिक्की सोडून दुसरीकडे बघत नाही. काच आणि कुरियर ही जोडी जमवायला निघालेली मी पहिलीच बाई नसेन, पण माझ्याइतक्या आत्मविश्वासाने कुणी निघालं नसावं. पहिल्या चार बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठाण्याला पाठवल्या. तिकडून फोटो आला. मुरंबा, काचा आणि राशिभविष्य यांचा एकजीव गोळा झाला होता.

दुसरं पार्सल बांधत होते तेव्हा आबा खुर्चीतून उठले.

आबा म्हणजे माझे वडील. मूळचे औंढ्याचे, वय ब्याऐंशी. सगळी नोकरी लोणावळा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात हमाल म्हणून केली. तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि आबा मागच्या दाराजवळच्या वेताच्या खुर्चीत जाऊन बसले ते बसलेच. चहा दिला की प्यायचे, जेवायला बोलावलं की यायचे. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे. ठणठणीत माणूस दिवसभर तुळशीकडे बघत बसतो का, हे त्यांना विचारायचं माझ्या लक्षात आलं नाही. तर त्या दिवशी ते उठले, माझ्या हातातून बॉक्स घेतला, कानाशी धरून एकदा आडवा आणि एकदा उभा हलवला आणि म्हणाले, "वाजतोय. खोल."

पार्सल ऑफिसात म्हणे असा रिवाज होता. आलेला नग हमालानं आधी कानाशी धरून हलवायचा. आतून आवाज आला तर तो 'वाजता नग'. पावतीवर तसं लिहून घेतल्याशिवाय तो उचलायचा नाही, नाहीतर पुढे फुटल्याचं खापर हमालाच्या डोक्यावर. कुणाला शंका आली की नग आबांकडे यायचा. आबा ऐकून सांगायचे, आत काच आहे की चिनी माती, आधीच फुटलीय की आता फुटणार आहे. बदलीवर निघालेल्या एका साहेबांच्या बायकोला त्यांनी सांगितलं होतं, "बाई, दुसऱ्या खोक्यात बशीवर झाकण घासतंय." उघडून बघितलं तर तसंच होतं. ही गोष्ट आम्ही लहानपणी इतक्यांदा ऐकली होती की त्या बाईंच्या साडीचा रंगसुद्धा मला पाठ आहे.

त्या दिवसापासून खुर्ची रिकामी राहायला लागली. आबा सकाळी दाढी करून पार्सलांपाशी हजर. बॉक्सचा कोपरा अंगठ्यानं दाबून बघायचे, चिकटपट्टीवरून नख फिरवायचे, आणि शेवटी कानाशी धरून निकाल द्यायचे. मला मुरंब्यापेक्षा त्या रिकाम्या खुर्चीचा आनंद जास्त होता. बरण्या फुटल्या तर दुसऱ्या भरता येतात. आबा पुन्हा तिथे जाऊन बसले असते तर मी काय केलं असतं, मला माहीत नव्हतं. म्हणून आमच्या धंद्यात काहीही बुडो, आबांचा कान बुडता कामा नये, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

मग आम्ही तिघं परीक्षेला बसलो. कशात बांधलं म्हणजे बरणी जगते?

वर्तमानपत्राचा निकाल लागलेलाच होता. उन्हाळ्यात ते तग धरतं, पण आषाढात आमच्याकडे भिंतींनाही घाम येतो, तिथे कागदाचं काय घेऊन बसलात. सकाळी चुरगळून भरलेला कागद संध्याकाळपर्यंत फडक्यासारखा मऊ पडतो आणि बरण्या त्यात निवांत एकमेकींना टेकतात. शिवाय शाई लेबलाला लागते ती वेगळीच. एका गिऱ्हाइकानं कळवलं होतं की मुरंबा छान आहे, पण बरणीभोवतीच्या बातमीचा उरलेला भाग पाठवाल का.

थर्माकोलनं आधी मला भुरळ घातली. पांढरंशुभ्र, हलकं, बरणीच्या आकाराचे खळगे कोरले की अगदी परदेशातून आल्यासारखं दिसतं. पण ते एकदाच मार खातं. दुसऱ्यांदा आपटलं की त्याचे मणी होतात, आणि ते मणी झाडूला दाद देत नाहीत, पंखा लावला की छताला जातात. मावशीनं तर दुसऱ्याच दिवशी हात जोडले. "माज्या लुगड्याला चिकटून घरी आलं, शेळी चाटाया लागली. उद्या शेळीला कायतरी झालं म्हंजे मुरंबा काय दूद देतोय?" थर्माकोल बाद.

फुग्यांचा कागद खरं म्हणजे सगळ्यांत गुणी. बरणीला दोन वेढे दिले की निर्धास्त. पण त्यात दोन खोडी. एक म्हणजे मावशी गप्पा मारता मारता त्याचे फुगे फोडायची. बोलण्यात रंगली की हातभर कागद सपाट. आबा म्हणायचे, "ह्या बाईपरीस फुटलेली बरनी परवडली." दुसरी खोड माझ्या मनातली होती. प्लास्टिक नको म्हणून मी काच घेतली आणि आता त्या काचेला वावभर प्लास्टिक गुंडाळत होते. आरशात बघून मलाच हसू यायचं. आबांचा आक्षेप मात्र तात्त्विक होता. बोटानं एक फुगा दाबून ते म्हणाले, "आत काय न्हाईच की. हवेवर भरवसा ठेवायचा व्हय?"

कागदाच्या बारीक पट्ट्या आणल्या. दिसायला शेवया, पण बरण्या त्यातून हळूहळू तळाशी जाऊन भेटायच्या. बॉक्समध्येही तीन पदरी आणि पाच पदरी असा भेद असतो हे मला साठाव्या वर्षी कळलं. तीन पदरी बॉक्स पुण्याच्या कोरड्या हवेत ठीक, आमच्या पावसात त्याचा तळ भिजल्या पापडासारखा होतो. पाच पदरी घेतला आणि आत मोठी पिशवी अंथरली, तेव्हा आबांच्या अंगठ्यानं तो पास केला.

परीक्षेची पद्धत आबांचीच. मागच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर उभं राहायचं, बॉक्स कंबरेइतका उचलायचा आणि सोडून द्यायचा. आधी तळावर, मग कडेवर, मग कोपऱ्यावर. "पार्सल कोपऱ्यावरच पडतंय," आबा सांगायचे, "सरळ पडाया ते काय मांजर हाय?" रोज दुपारी चारच्या सुमाराला आमच्या मागच्या दारात तीनदा धप्प आवाज व्हायचा आणि मग बायकांचं बोलणं. शेजारच्या काकूंनी एकदा हळूच विचारलं, आबांचा स्वभाव अलीकडे फार तापट झालाय का.

मावशीचा जीव मात्र तुसात होता. भाताचं तूस. ती कुरवंड्याहून अंडी आणते ती डब्यात तूस भरून, आणि त्या रस्त्यानं जीपमध्ये माणसाची हाडं खिळखिळी होतात, पण आजवर एक अंडं फुटलेलं नाही. त्यामुळे तिनं भाताच्या गिरणीवरून पोतंभर तूस आणलं आणि आम्ही ते बॉक्समध्ये ओतलं. बरण्यांच्या मधे, वर, बाजूला, अगदी शिगोशीग. वरची शीग झाकणाखाली दाबताना आम्हांला इतकं समाधान वाटलं की काय सांगू. आबांनी कानाशी धरला. "गप्प," म्हणाले. तो बॉक्स मी माझ्या पुण्याच्या बहिणीला पाठवला.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन. सहातल्या दोन फुटल्या होत्या. त्याचं तिला दुःख नव्हतं. तिनं बॉक्स पंख्याखाली उघडला होता. "तू मला मुरंबा पाठवलास की गिरणी?" असं ती ओरडत होती आणि मागे तिचा नवरा शिंकत होता. चार दिवस तिच्या घरात गादीखाली, देवघरात, पिठाच्या डब्यात तूस सापडत होतं.

मी आबांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. मग म्हणाले, "वाटेत तूस बसलं आसंल. बसल्यावर वाजाया लागलं." मावशीनं कपाळाला हात लावला. "चूक माजीच हाय. भात मोजताना मापाला दोन थापा मारल्याबिगर मी शीग धरत न्हाई. थापांबिगर माप दिलं तर पावन्यात नाक कापलं जाईल. आन हितं काचेला भिऊन एक थाप मारली न्हाई." तिचं म्हणणं अगदी खरं होतं. न हलवता भरलेलं माप वरून भरलेलं दिसतं आणि आतून पोकळ असतं. पुण्यापर्यंतच्या खड्ड्यांनी त्या मापाला थापा मारल्या आणि आमची शीग गेली. आम्ही तिघंही त्यावर हसलो, आणि हसण्याच्या नादात मी एक गोष्ट सोडून दिली. तो बॉक्स घरातून निघाला तेव्हा खरंच गप्प होता का, हे मी तपासलं नव्हतं. आबांनी सांगितल्यावर तपासायचं काय?

शेवटी उत्तर मावशीच्या डोक्यावर सापडलं, आणि हे मी अक्षरशः सांगतेय. ती डोक्यावरून टोपली उतरवत होती. टोपलीखाली पेंढ्याची चुंबळ. आबांनी ती चुंबळ तिच्या डोक्यावरून उचलली, बरणी आणली आणि तिच्यात बसवली. बरणी बसली ती हलेचना. "हंडा घेऊन चढ चढताना हलत न्हाई, तर बरनी कशी हलंल?" मावशी म्हणाली, जणू हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. मग ती चुंबळी वळायला बसली. बरणीच्या बुडाला एक, गळ्याला एक. पेंढा आधी चुलीवरच्या माळ्यावर वाळवलेला, म्हणजे ओल नाही. बॉक्समध्ये सहा बरण्या आणि बारा चुंबळी. कोपऱ्यावर पडून, कडेवर पडून, बरण्या धड. आबांनी चौथी परीक्षा म्हणून बॉक्स लाथेनं ढकलला, तरी धड. पुण्याच्या बहिणीलाही पाठवला. तिनं तो आधी गच्चीवर नेऊन उघडला, पण तक्रार केली नाही.

आणि मग नागपूरची मागणी आली. एका बाईंच्या आईची पंचाहत्तरी होती. आलेल्या प्रत्येक घराला एक बरणी द्यायची, अठ्ठेचाळीस बरण्या, आठ बॉक्स. आमच्या हातून एवढं मोठं काम पहिल्यांदाच जात होतं. नागपूरला त्या बरण्या सगळ्या धड पोचल्या, हे आत्ताच सांगून टाकते, कारण वाचणाऱ्याचा जीव बरण्यांत अडकायला नको. माझा तरी त्या दिवशी बरण्यांत नव्हता.

गणपती होऊन गेले होते, पण पाऊस काही गेला नव्हता. कुरियरची गाडी पाचला येणार होती. सकाळपासून मावशी चुंबळी बसवत होती, मी स्वयंपाक आणि लेबलं अशी दोन्हीकडे होते, आणि आबा एकेक बॉक्स कानाशी धरून निकाल देत होते. गप्प. गप्प. त्यांनी तेव्हा पांढरा सदरा घातला होता. कुणी सांगितलं नव्हतं, पण मोठा माल जाणार म्हणून घातला असावा. पाच बॉक्स बंद होऊन भिंतीला लागले.

सहाव्याच्या वेळी मी लेबलं घेऊन बाहेर आले. आबांनी बॉक्स उचलला, कानाशी धरला, आडवा हलवला. आतून काचेवर काच टेकल्याचा आवाज आला. बारीक, पण स्वच्छ. किण्ण. उभा हलवला. पुन्हा किण्ण.

"गप्प," आबा म्हणाले. "लाव पट्टी."

मावशीनं माझ्याकडे बघितलं. तिच्या हातात चिकटपट्टी तशीच राहिली.  एका क्षणात कितीतरी गोष्टी आठवल्या. टीव्हीवरच्या बातम्यांचा आवाज शेजारच्या काकूंकडे जातो म्हणून मी आबांवर चिडले होते. मागून हाक मारली की ते वळत नाहीत, त्याला मी हट्टीपणा म्हणायचे. कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगितल्या तर "मला न्हाई जमत बायकांची कामं" म्हणाले होते आणि त्यावरून मी दोन दिवस तोंड फुगवून बसले होते. मला माझाच राग आला. तीस वर्षं हॉटेलात हजार वस्तूंची नोंद ठेवली आणि घरातली एवढी एक कमी झालेली मला दिसली नाही.

मावशीनं वेळ मारून नेली. "आबा, ह्याचं तोंड जरा उचललंय," ती मोठ्यानं म्हणाली, "दाबून घेते." आणि बॉक्स उघडला. एका बरणीच्या गळ्याची चुंबळ सरकली होती. तिनं ती बसवली, मूठभर पेंढा कोंबला, पट्टी लावली. आबा पुढच्या बॉक्सकडे वळले होते.

दुपारी ते जेवून आडवे झाले. आम्ही दोघींनी चोरासारखे पहिले पाच बॉक्स एकेक करून हलवले. त्यातले दोन बॉक्स वाजत होते. पट्टी कापली, आतलं सारखं केलं, वर नवी पट्टी लावली. मावशी हलक्या आवाजात बोलत होती आणि मग तिच्या लक्षात आलं की हलक्या आवाजाची गरजच नाही.  मला रडू आलं, पण मी पट्टीवर नीट हात फिरवत राहिले, सुरकुती राहू नये म्हणून.

आता इथे मी काय विसरले ते सांगते. आबांचा कान गेला होता. डोळा कुठे गेला होता?

चहाला उठून ते बॉक्सांपाशी आले आणि दुसऱ्या बॉक्ससमोर थांबले. पट्टीवरून नख फिरवलं. चौथ्यावरून फिरवलं. "ह्यो नग कुनी उगडला?" त्यांचा तो आवाज मी नोकरीतल्या गोष्टींत ऐकला होता, घरात कधी नाही. पार्सल ऑफिसात पट्टीवर पट्टी म्हणजे एकच अर्थ, आतला माल चोरलाय. "पट्टी दोनदा लागलीय. मी झोपल्यावर कोन आलतं हितं?"

"कुणी नाही आबा. मीच, पत्ता बदलायचा होता."

"पत्ता पट्टीखाली असतोय व्हय?"

मी आणखी एक काहीतरी खोटं शोधत होते. मावशीनं मला हातानं थांबवलं, त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, तोंड त्यांना दिसेल असं, आणि सावकाश म्हणाली, "आबा, वाजत व्हतं. दोन नग वाजत व्हते. सकाळचा बी वाजत व्हता."

आबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग ते चालत मागच्या दाराशी गेले आणि वेताच्या खुर्चीत बसले.

मी तिथेच उभी राहिले. ज्याची भीती तेच झालं होतं, आणि ते मी माझ्या हातानं, नव्या पट्टीनं केलं होतं. मावशीवर राग काढायचा म्हटला तर तोही निघेना, कारण तिनं खरं तेच सांगितलं. पाच वाजायला वीस मिनिटं होती. दोन बॉक्स अजून उघडे होते, एकालाही कुणी कानाशी धरलं नव्हतं.

शेवटी मी त्यांच्याजवळ जाऊन जमिनीवर बसले. ते तुळशीकडे बघत होते.

"तुला कवा कळलं?" त्यांनी विचारलं.

"आज सकाळी."

त्यांना ऐकू गेलं नाही. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, त्यांनी माझ्याकडे बघितल्यावर पुन्हा सांगितलं.

"मला दोन वर्सं झाली," आबा म्हणाले.

 दोन वर्षं म्हणजे मुरंब्याच्याही आधीपासून. म्हणजे पहिल्या दिवशी खुर्चीतून उठून बॉक्स कानाशी धरला, तेव्हाही. त्या दिवशी वाजतोय म्हणाले होते.

"तवा काय ऐकू आलं न्हवतं," ते म्हणाले. "तू कागदात बांदत व्हतीस. कागदात बांदलेलं वाजनारच. हाताला थोडं लागतंय, आत सरकलं तर. पन थोडंच." मग म्हणाले, "तुला सांगितलं आसतं तर तू म्हनली आसतीस, आबा तुमी बसा."

मी तसंच म्हटलं असतं. यात काही शंका नाही. प्रेमानं म्हटलं असतं, वर चहा दिला असता, आणि दिवसभर बसवून ठेवलं असतं. या माणसानं त्या बसण्यातून सुटायला चार-पाच महिने रोज दाढी करून मला फसवलं होतं आणि मला त्याचा राग येण्याऐवजी स्वतःची लाज वाटत होती. कान तपासून घेऊ, मशीन मिळतं, असं काहीतरी मी बोलायला लागले. त्यांनी हात हलवून ते बाजूला सारलं. पुढे आम्ही गेलो डॉक्टरकडे, पण ते पुढे.

मावशी आतून म्हणाली, "ताई, दोन राह्यलेत. गाडी यील." ती काही मुद्दाम बोलली नसावी, तिला खरंच घाई होती.

मी उठले. आणि मी त्यांना बसा म्हटलं नाही. "आबा, माझे हात दुखतायत," त्यांच्या समोर जाऊन म्हटलं. "मला तो बॉक्स पेलत नाही." हे अर्धं खरं होतं. सहा भरलेल्या बरण्यांचा बॉक्स कानाशी धरून हलवायला खांद्यात जोर लागतो आणि तो जोर आमच्या घरात एकाच माणसाच्या खांद्यात होता.

ते लगेच उठले नाहीत. आधी पायात चप्पल सरकवली, सदरा ओढून सारखा केला. मग आत आले. मावशीनं सातव्या बॉक्सची शेवटची चुंबळ बसवून झाकण मिटलं होतं. आबा वाकले, दोन्ही हातांनी बॉक्स उचलला, सवयीनं स्वतःच्या कानाकडे नेला, आणि मधेच थांबले. मग तो माझ्या कानाशी आणला. पुठ्ठ्याचा आणि वाळल्या पेंढ्याचा वास आला.

"हलवतो," ते म्हणाले. "आइक."

त्यांनी आडवा हलवला. मग उभा. मी डोळे मिटून ऐकलं. त्यांचा श्वास ऐकू आला, बाहेरच्या पन्हाळीचं पाणी ऐकू आलं, बॉक्समधून काहीच आलं नाही.

"वाजतंय का?" आबांनी विचारलं. जन्मात पहिल्यांदा ते हे दुसऱ्या कुणाला विचारत होते.

"नाही वाजत," मी म्हटलं. 

ते माझ्या तोंडाकडे बघत उभे होते, बॉक्स तसाच हातांत धरलेला.

"मोठ्यानं सांग," ते म्हणाले.

मग मी शेजारच्या काकू खिडकीत येईपर्यंत ओरडून सांगितलं.